लेकीचं मत कुठं आहे?

ग्रामपंचायतीत २०११पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. बचतगटाची अध्यक्षसुद्धा आपण सगळ्याजणी मिळून ठरवतो. पण सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या खेड्यांतून रोज एसटीनं कॉलेज करून पदवी घेतलेल्या आपल्या कितीतरी लेकींनी कॉलेजात मतपेटी कधी बघितलीच नाही!

असं का झालं? पूर्वी कॉलेजच्या निवडणुकांत मारामाऱ्या व्हायच्या. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला. मग १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणूकच बंद केली. वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, आणि मुलींच्या प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायच्या. आता मार्क जास्त म्हणजे तोंडही चालतं, असं कुणी सांगितलं? उलट पहिली येणारी पोरगी बहुतेक वेळा खाली मान घालून बसणारीच असते.

प्रतिनिधी म्हणजे स्नेहसंमेलनात हार घालणारी मुलगी, एवढंच आपल्याला माहीत. खरं काम वेगळं आहे. समजा, प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि गावाकडची शेवटची गाडी त्याआधीच निघते. एकटी मुलगी आगारात गेली तर 'अर्ज द्या' म्हणून वाटेला लावतात. घरी सांगितलं तर बाप म्हणतो, 'मग जाऊच नको कॉलेजला.' स्वच्छतागृहाला कडी नाही, स्टँडवर पोरं त्रास देतात, काहीही सांगा, घरचं उत्तर तेच. आणि मागोमाग स्थळं बघायला सुरुवात. म्हणून आपल्या मुली गप्प बसतात. त्यांना कळत नाही असं नाही. तक्रार केली की शिक्षण सुटतं, हे त्यांना चांगलं कळतं. तीच गोष्ट निवडून आलेली मुलगी सगळ्यांच्या वतीनं बोलली, तर कुणा एकीचं नाव घरापर्यंत जात नाही.

आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं नांदेडच्या विद्यापीठाला जोडलेली. हिंगोलीहून तिथं जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. एकेकटीनं कुठं खेटे घालायचे? विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवाला मात्र विद्यापीठाच्या अधिसभेत बसायचा हक्क कायद्यानंच दिलाय.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे ते स्वामी रामानंद तीर्थ मुळात शिक्षक. त्यांच्याच काळात, १९३८ साली, निजामाच्या राज्यात वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठातून काढून टाकलं. औरंगाबादच्या कॉलेजातली मुलंही त्या लढ्यात होती. एकेकट्यानं माफी मागून परत जाण्यापेक्षा कितीतरी जण मिळून बाहेर पडले आणि नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. आपल्या मराठवाड्याला हे नवीन नाही.

२०१६च्या नव्या कायद्यानं थेट निवडणूक परत आणली, महिला प्रतिनिधीही विद्यार्थ्यांनीच निवडायची असं ठरलं. २०१९ साली निवडणुका व्हायच्या होत्या. विधानसभेचं कारण निघालं, त्या पुढं गेल्या. मग कोरोना आला. तोवर किती बॅचेस बाहेर पडल्या!

'पोरगी शिकायला पाठवलीय, राजकारण करायला नाही,' हे मी बायकांच्याच तोंडून जास्त ऐकते. भीती खोटी नाही. पक्षांचे झेंडे कॉलेजात घुसतात, पैसा येतो. पण सुप्रीम कोर्टानं २००६ साली मान्य केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी त्यासाठीच आहेत. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, हजेरी ७५ टक्के, पोस्टर छापील नाही, हातानं केलेलं. हे नियम काटेकोर पाळायला लावा ना! भांडणं होतात म्हणून मतच काढून घ्यायचं, तर आपल्या कितीतरी ग्रामपंचायती कधीच बंद झाल्या असत्या.

आणखी एक. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती लागते. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी त्यात हवेत आणि तेही निवडून आलेले, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१५चा नियम सांगतो. पालक मेळाव्याला आपण जातो, चहा पितो, हळदीकुंकवाला आल्यासारखं परत येतो. पुढच्या वेळी प्राचार्यांना एवढंच विचारा: सर, त्या समितीवर कोणकोण मुली आहेत, आणि त्यांना निवडलं कुणी?