पटावरचे मराठे

परवां भंडाऱ्यास आमच्या दिवाणखान्यांत चार तरुणांचा कडाक्याचा वाद झाला. ‘टोटल वॉर’ या संगणकावरील युद्धखेळांची माला २००० सालीं ‘शोगुन’पासून सुरू झाली; तींतला श्रेष्ठ खेळ कोणता, हा प्रश्न. निकाल एकमतानें लागला: २००९ चा ‘एम्पायर’, कारण त्यांत मराठ्यांच्या बाजूनें खेळतां येतें, आणि पुढील वर्षींच्या ‘नेपोलियन’मध्यें हिंदुस्थानचा नकाशाच नाहीं.

हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. खेळ म्हणजे कालापव्यय, असें म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. आमची तक्रार आहे ती मापाविषयीं. आपलें निशाण दिसलें कीं खेळ उत्तम, हें परीक्षण नव्हे. हें आरशांत तोंड पाहणें होय.

खेळाचा आरंभ १७०० सालीं होतो. त्या काळीं हा वैनगंगेकांठचा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. तुमसरजवळचा अंबागड त्यांच्याच अमदानींतला. खेळावयाच्या राज्यांत देवगडाचें नांव नाहीं, याची खंत चौघांपैकीं एकासही नव्हती. मग ‘आपला इतिहास’ तो कोणता?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. खेळांत बंगाल जिंकला कीं नकाशाचा रंग पालटतो व वसूल वाढतो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून खरोखरच तिकडे गेल्या. १७५१ च्या तहानें ओरिसा हातीं आला व बारा लाखांची चौथ ठरली. एवढें आम्ही अभिमानानें शिकवितों. परंतु त्याच स्वाऱ्यांत गांवें जळालीं, रयत देशोधडीस लागली. गंगाराम नामक बंगाली कवीनें तो हाहाकार ‘महाराष्ट्रपुराणां’त वर्णिला आहे, आणि ‘बर्गी आले’ हें भय तिकडच्या अंगाईगीतांत अद्याप शिल्लक आहे.

यावर एकानें विचारलें, “सर, एवढें सारें आणलें तर खेळेल कोण? बुद्धिबळांत तरी जळालेलीं गांवें कोठें असतात?” नसतात, खरेंच. पण बुद्धिबळ स्वतःस इतिहास म्हणवीत नाहीं. ज्या खेळानें सनावळी, राज्यांचीं नांवें आणि निशाणें उसनीं घेतलीं, त्यानें त्यांबरोबर येणारें देणेंही फेडलें पाहिजे.

तेव्हां तुलना अवश्य करावी. मात्र तोफांचा धूर कोणत्या खेळांत अधिक हुबेहूब, एवढेंच पाहूं नये. जिंकणाऱ्यास जिंकलेल्याच्या दारांत क्षणभर तरी उभा करणारा खेळ कोणता, हें पाहावें. तसा एकही न सांपडल्यास उणेपण खेळांचें खरें. पण तें ज्यास जाणवलेंच नाहीं, त्यास इतिहास शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांचेंही तें उणेपण होय.