मोजणीबाहेरचे चाकरमानी

2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या 16 टक्क्यांच्या आसपास वाढली, ठाणे जिल्ह्याची तर 36 टक्क्यांनी. याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 4.82 टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची 2.21 टक्क्यांनी घटली. मुंबई शहर जिल्हाही घटला, पण तिथला माणूस बोरिवली-डोंबिवलीकडे सरकला होता. रत्नागिरीचा माणूस जिल्हाच सोडून गेला होता. या घटीची बातमी झाली, ‘गावे ओस पडली’ म्हणून हळहळही व्यक्त झाली. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 ठरला आहे. तो जवळ येत असताना हळहळीपेक्षा नेमका प्रश्न विचारायला हवा. जो माणूस गावाशी बांधलेला आहे पण गावात राहत नाही, त्याचा हिशेब सरकार कसा ठेवते? आजचे उत्तर असे की तो ठेवलाच जात नाही, आणि त्याची किंमत गावात मागे उरलेले लोक मोजतात.

कोकणातून मुंबईला जाणे नवे नाही. 1850 च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काळात गिरणगावाला सर्वाधिक हात पुरवले ते रत्नागिरीने. त्या स्थलांतराला एक ठरलेली घडी होती. पुरुष मुंबईत गावकीच्या खोलीत राहायचा, बायको-मुले आणि म्हातारी माणसे गावी, दोघांमध्ये मनीऑर्डर, आणि शिमग्या-गणपतीला हटकून गावची वाट. 2011 मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, तर राज्याची सरासरी 929 होती. या आकड्याचे कौतुक करणाऱ्यांनी त्याच जिल्ह्यातील शून्य ते सहा वयोगट पाहावा. तिथे मुलींची संख्या मुलांपेक्षा कमीच आहे. म्हणजे मोठे प्रमाण हा स्त्रीसन्मानाचा दाखला नव्हे, ती पुरुषांची गैरहजेरी आहे. पण खरी नोंद घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. 2001 मध्ये हेच प्रमाण 1,136 होते. दहा वर्षांत जिल्ह्यातील सुमारे 82 हजार माणसे कमी झाली आणि स्त्रियांचे प्रमाणही उतरले. या घटीत स्त्रियांचा वाटा पुरुषांपेक्षा मोठा ठरला. सिंधुदुर्गात प्रमाण 1,079 वरून 1,036 वर आले. याचा सरळ अर्थ असा लागतो की आता एकटा पुरुष नव्हे, कुटुंबच जाऊ लागले आहे. गिरण्या 1982 च्या संपानंतर कोलमडल्या तरी ओघ थांबला नाही. फक्त लालबाग-परळऐवजी तो विरार, दिवा, बदलापूरकडे वळला.

यावर एक आक्षेप घेतला जातो: कोकणात मुलेच कमी जन्मतात, मग स्थलांतराला दोष कशाला? जन्मदर उतरला हे खरेच. पण विशी-तिशीतली जोडपी जिथे राहतात तिथेच पाळणे हलतात. ती वसईला असतील तर त्यांची मुले वसईच्या खात्यात जमा होतात. त्यामुळे गावातला कमी जन्मदर हा बऱ्याच अंशी स्थलांतराचाच परिणाम असतो. आणि काम नाही म्हणून माणसे गेली, हेही अर्धेच उत्तर. हापूसच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणसे येतात, म्हणजे काम आहे. स्थानिक तरुणाला त्यात बारमाही पगार आणि प्रतिष्ठा दिसत नाही, इतकेच. त्याच्यावर आळसाचा शिक्का मारणे सोपे आहे. पण पगार ठरलेला असेल तिकडे माणूस जाणारच, त्यात गैर काय?

जाण्यात गैर काहीच नाही. देशात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क घटनेने दिला आहे, आणि मुंबईतल्या पैशाने कोकणात घरे, देवळे, शाळा उभ्या राहिल्या हे कुणी नाकारू नये. गैर आहे ते मोजणीत. लोकसंख्येची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारीत होते. शिमगा तेव्हा यायचा असतो, गणपती होऊन महिने झालेले असतात. चाकरमान्याची नोंद मुंबई-ठाण्यात होते आणि ती तिथे व्हायलाच हवी. पण गावातल्या त्याच्या घरापुढे कुलूपबंद एवढाच शेरा उरतो. पुढे सगळी गणिते मोजलेल्या डोक्यांवर होतात. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाचे राज्यांत वाटप करताना 90 टक्के भार लोकसंख्येला दिला आणि क्षेत्रफळाला जेमतेम 10 टक्के. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाटीवर 30 हजार आणि डोंगराळ भागात 20 हजार लोकसंख्येचा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव 2023 मध्ये पुढे आला, तेव्हा वाडी-वाडीतल्या शाळांचे काय, हा प्रश्न कोकणात साहजिकच उठला. प्रतिनिधित्वाचेही तेच. नाथ पै आणि मधू दंडवते यांना लोकसभेत पाठवणारा राजापूर मतदारसंघ 2009 पासून अस्तित्वात नाही. दापोली आणि गुहागर तर रायगडला जोडले गेले. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर पुढची पुनर्रचना व्हायची आहे.

माणसेच नाहीत तर पैसा कुणासाठी, असे मंत्रालयातला हिशेबी अधिकारी विचारेल. उत्तर असे की जे उरले त्यांना सेवांची गरज सरासरीपेक्षा जास्त आहे. सत्तर वर्षांच्या एकट्या बाईला दवाखाना जवळ लागतो आणि सहा वर्षांच्या पोराला पावसाळ्यात वहाळ ओलांडून तीन किलोमीटर पाठवता येत नाही. वाडीत साठ घरे असोत की वीस, रस्ता आणि नळयोजनेची लांबी तेवढीच राहते. शिवाय गणपतीत गावात दुप्पट माणसे उतरतात, तेव्हा पाणी, वीज, कचरा यांचा भार त्याच ग्रामपंचायतीवर पडतो. एका माणसाला दोन ठिकाणी मोजा, अशी मागणी कुणी करू नये. तसे केल्यास मतदारयाद्यांपासून शिधापत्रिकेपर्यंत गोंधळच होईल. मागणी साधी आहे. येणारी गणना डिजिटल आहे. तिच्यात घरातील बाहेरगावी असलेल्यांची संख्या, ठिकाण आणि वर्षाकाठी परतण्याचा काळ विचारून घ्यावा. ते जमले नाही तर राज्याने ग्रामपंचायतींमार्फत तशी वेगळी नोंद करावी. गावोगावच्या चाकरमान्यांच्या मुंबईतील मंडळांकडे ही यादी आजही जवळपास तयार असते. आणि राज्य वित्त आयोगाने अनुदानाच्या सूत्रात साठीपुढच्या लोकांचे प्रमाण व वस्तीचे विखुरलेपण यांना भार द्यावा. लोकसंख्येचा आकडा फेब्रुवारी 2027 मध्ये एकदा गोठला की पुढची दहा वर्षे त्यावर वाद घालून उपयोग नाही. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय त्याआधी विधानसभेत आणि दिल्लीत मांडला पाहिजे.