संन्याशाला सुळी देण्यापूर्वी

‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण संगणकालाही लागू पडते. २००६ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टच्या चाचणी-अवस्थेतील हेरगिरीविरोधी प्रणालीने सिमँटेकच्या अँटिव्हायरसलाच पासवर्डचोर ठरवले. पहारेकऱ्याने पहारेकऱ्यालाच धरले! ज्यांनी मुकाट्याने ‘काढून टाका’ म्हटले, त्यांचा अँटिव्हायरस निकामी झाला.

यात नवल ते काय? अशी प्रणाली खुणा व वागणूक पाहून संशय घेते. मराठी टंकलेखनाची प्रणाली आपण दाबलेली प्रत्येक कळ टिपते. कळा चोरणारा हेरही तेच करतो. मग एखाद्या वेळी आपली मराठीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली तर? नियम कडक केले तर निरपराध सापडतो, सैल केले तर चोर निसटतो. हा मेळ बसवण्यासाठीच चाचणी असते.

आपल्या पुण्यात ‘क्विक हील’ घडवणाऱ्या काटकर बंधूंपैकी कैलास काटकर यांची सुरुवात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीतून झाली. चांगला दुरुस्तीवाला कोणताही भाग तपासल्याशिवाय फेकत नाही. आपणही तेच करावे. संशयित फाईल पुसू नये, कोंडून ठेवावी. दुसऱ्या अँटिव्हायरसकडून तपासून घ्यावी आणि चूक आढळल्यास निर्मात्यांना कळवावी. मात्र ‘हे नेहमीचेच’ म्हणून प्रत्येक इशारा झटकणेही घातकच.

मित्रहो, चाचणीतील प्रणाली फक्त फिर्याद करते. न्याय आपल्यालाच करायचा आहे.