क्षारसूत्र आणि हजेरी
आरोग्यविचार / ‘रुग्णमित्र’

लष्कराच्या छावणीपायी 1821 साली कन्हानच्या काठी वसलेल्या कामठीत बिडी वळणारे, गाडी हाकणारे, गादीवर बसून हिशेब लिहिणारे असे बैठ्या कामाचे लोक पुष्कळ. त्यांतल्या एखाद्या तरुणाच्या माकडहाडावर गाठ येते, ती फुटून पू वाहतो, शस्त्रक्रिया होते आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा छिद्र दिसू लागले, की तो बिचारा मूळव्याध-भगंदराची पाटी असलेला दवाखाना शोधू लागतो.

वास्तविक भगंदराचा संबंध गुदाशी. माकडहाडावरचा हा विकार म्हणजे पिलोनिडल सायनस, आणि त्याचे मूळ बहुधा त्वचेत शिरलेल्या केसांत असते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांत हा विकार इतका बळावला, की त्यास ‘जीपचा रोग’ असेच नाव पडले. शरीरात राहून गेलेल्या शल्यामुळे, म्हणजे खुपणाऱ्या वस्तूमुळे, होणारा नाडीव्रण, म्हणजे आत नळीसारखी वाट (नाडी) असलेली जखम, सुश्रुताने वर्णिला आहे आणि दात-नखांबरोबर केसांनाही शल्यांत गणले आहे. म्हणून आजचे वैद्य या विकाराची नोंद त्याच सदरी करतात.

त्यावरचे क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची एकूण एकवीस पुटे चढवून वाळविलेला दोरा. शलाकेने तो नाडीतून ओवून बांधतात. दर आठवड्यास जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा बांधून ओढून घेतात, आणि नाडी हळूहळू कापली जात असता मागची जखम तळापासून भरत येते. बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी या विस्मृत विधीस आधुनिक कसोटी लावली. भगंदरावरील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 1991 च्या चाचणीत क्षारसूत्राने जखम भरण्यास शस्त्रक्रियेहून अधिक काळ लागला, पण वर्षभरातील पुनरुद्भव 11 टक्क्यांऐवजी 4 टक्के आढळला. हा दाखला भगंदराचा आहे. तो जसाच्या तसा पिलोनिडलला लावणे मला रास्त वाटत नाही.

माझ्या मते या इलाजाचे अर्धे यश दोऱ्यात आणि अर्धे रुग्णाच्या हजेरीत आहे. दर आठवड्यास जखम पाहणारा कोणी असतो, आतले केस निघतात, भोवतालचे काढले जातात. सुरीने कापलेल्या जखमेचीही अशीच निगा राखली, तर तीही पुष्कळदा दगा देत नाही. ‘बिनाऑपरेशन, कायमची हमी’ अशी जाहिरात मात्र सरळ दिशाभूल आहे, कारण क्षारसूत्र हे शल्यकर्मच होय. तेव्हा वैद्य असो वा सर्जन, पैसे मोजण्यापूर्वी एवढेच विचारा : नाडीच्या फाट्यांची तपासणी कशी करणार, आणि जखम भरेपर्यंत ती दर आठवड्यास कोण पाहणार?