दावाच न करणाऱ्यांचे काय?

अपघाताच्या भरपाईचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘लोकांनी याचा धंदा केलाय.’ विमा कंपनीतला अधिकारी हे म्हणतो, कोर्टाबाहेर चहा पिणारा वकील म्हणतो, आणि ज्याच्या घरातले कोणी कधी गाडीखाली आले नाही तो तर छातीठोकपणे म्हणतो. उपायही ठरलेला : दावे करणे अवघड करा, मुदत आवळा, रकमेला लगाम घाला.

यातले खरे आहे ते आधी मान्य करतो. खोटे दावे होतात. उत्तर प्रदेशात ते इतके बोकाळले की अलाहाबाद उच्च न्यायालयाला २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर तिथल्या २८ वकिलांना निलंबित करण्यात आले. पद्धत साधी असते. ठोकणारी गाडी पळून जाते, किंवा माणूस स्वतःच घसरून पडतो. काही आठवड्यांनी विमा असलेल्या कुणाच्या तरी गाडीचा नंबर कागदोपत्री येतो. चालक कबुली देतो, साक्षीदार उभा राहतो, दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी चढते. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारी ही साखळी आहे. तिच्यातल्या प्रत्येकाला शिक्षा झाली पाहिजे, त्यात दुमत नाही.

पण त्यासाठी दावे करण्याची वाटच अरुंद करायची? देशात २०२२ मध्ये ठोकून पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात झाले. अशा अपघातात मृत्यू आला तर २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार रुपये देण्याची सरकारी योजना आहे. २०२२-२३ या वर्षात तिच्यासाठी अर्ज आले २०५, निकाली निघाले ९५. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ च्या निकालात ही आकडेवारी नोंदवली आहे. हजारांच्या घरात हक्कदार आणि शेकड्यांत अर्ज, अशा देशाला दाव्यांची चटक लागली आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

एका जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात भेटलेली एक बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. हातात नायलॉनची पिशवी. तीत पंचनाम्याची झेरॉक्स, शवविच्छेदनाचा अहवाल, रेशनकार्ड आणि नवऱ्याचे लॅमिनेट केलेले आधार कार्ड. पंचनाम्याची घडी फाटली होती, ती तिने चिकटपट्टीने जोडली होती. नवऱ्याला जाऊन चार महिने झाले होते. तिने विचारले, ‘साहेब, गाडी सापडलीच नाही, तर क्लेम लावायचा कुणावर?’ अशा वेळी तहसीलदाराकडे अर्ज करायचा असतो, हे पोलीस ठाण्यापासून दवाखान्यापर्यंत तिला कोणीही सांगितले नव्हते.

आता मुदतीचे पाहू. मोटार वाहन कायद्यातली दाव्याची मुदत संसदेने १९९४ मध्ये काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांवर परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. ही मुदत चुकते कोणाची? पाय प्लास्टरमध्ये असलेल्या मजुराची, सुतकातून पुरती न सावरलेल्या विधवेची. एजंटची कधीच चुकत नाही. तो दुसऱ्या दिवशी वॉर्डात हजर असतो. सहा महिन्यांच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असे अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२५ मध्ये द्यावे लागले, ते उगीच नाही.

खोटेपणाचे मूळ दुसरीकडे आहे. महिना १५ हजार कमावणारा, बायको, दोन मुले आणि आई मागे ठेवून गेलेला तिशीचा माणूस घ्या. गाडी सापडली तर सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या हिशेबाने त्याच्या घराला ३० लाखांच्या वर रक्कम मिळते. गाडी पळाली तर २ लाख. मेलेला माणूस तोच, चूल तीच. ही दरी जोवर आहे, तोवर कुणाचा तरी नंबर घुसडण्याचा मोह राहणार. ती बुजवायची तर पळून गेलेल्या गाडीच्या बळींची रक्कम वाढवली पाहिजे.

दुसरा उपाय तर नियमांत लिहूनच ठेवला आहे. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा. गाडीचा नंबर, जागेचा नकाशा, फोटो दोन दिवसांत कागदावर आले, तर तीन आठवड्यांनी दुसरी गाडी उभी करणार कशी? आणि त्याच अहवालामुळे खऱ्या जखमी माणसाला वकील शोधत हिंडावे लागत नाही. खोट्याला पायबंद आणि खऱ्याला आधार, दोन्ही एकाच कागदाने होते. तो कागद वेळेवर न पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारायचा सोडून आपण विधवेच्या हेतूवर शंका घेतो, याची मला चीड येते.

तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असे एखादे घर असेल. गाडी सापडली नसेल तर त्यांना तहसील कार्यालयात घेऊन जा. तिथे दाद लागली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत फुकट मिळते. अर्ज लिहून द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.