पॉइंट प्रवासाला, रोख मालवणला

साप्ताहिक स्तंभ : पैसा आपला

मुंबईत बरा पगार आणि गाव मालवण-कुडाळकडे असेल, तर बँकेचा तो फोन एव्हाना येऊन गेला असेल. खास निवडक ग्राहकांसाठीचे कार्ड, वार्षिक फी साडेबारा हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १४,७५० रुपये. बदल्यात विमानतळावरचे लाउंज, मोठ्या हॉटेलांचे सभासदत्व, एअर माइल्स. असे कार्ड घ्यावे का, हा प्रश्न वाचक सतत विचारतात. माझे उत्तर असे की कार्डाची माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि आपल्या घराने गेल्या वर्षी केलेला प्रवास आधी कागदावर लिहा.

ही कार्डे महिन्यातून दोन-तीनदा विमानात बसणाऱ्यांसाठी बनलेली असतात. चाकरमान्याचा प्रवास वेगळा असतो. गणपतीला गाव, मे महिन्यात मुलांना घेऊन गाव, जमले तर दिवाळी किंवा जत्रा. गाडी कोकणकन्या, मांडवी, तुतारी किंवा जनशताब्दी, हल्ली वंदे भारत. उतरायचे कणकवलीला, सिंधुदुर्गनगरीला नाहीतर कुडाळला. या प्रवासात लाउंज कुठेच लागत नाही. शिवाय लाउंजही आता पूर्वीसारखे मोकळे राहिलेले नाही. आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट घातली आणि इतर बँकांनीही अशाच अटी आणल्या.

रेल्वेच्या प्रवासाला रेल्वेचे कार्ड परवडते. आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्ड यांच्या साध्या प्लॅटिनम कार्डावर एसी वर्गाच्या तिकिटाच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम पॉइंटच्या रूपात परत मिळत आली आहे. नूतनीकरणाची फी ३०० रुपये अधिक जीएसटी. चौघांचे कुटुंब वर्षातून दोनदा गावी गेले, तर जाऊन-येऊन १६ तिकिटे होतात. थ्री एसीचे तिकीट ११०० रुपयांचे धरू. खर्च १७,६०० रुपये, परतावा १,७६० रुपयांपर्यंत. फी वजा जाता चौदाशे रुपये हातात राहतात. आकडा लहान आहे, पण तो खरोखर तुमचा आहे.

गणपतीत मात्र दहा टक्क्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पक्के तिकीट, आणि ते कुठल्याही कार्डावर मिळत नाही. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. ऑनलाइन तत्काळ तिकिटाला १ जुलै २०२५ पासून आधारची पडताळणी लागते, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून साध्या आरक्षणाची पहिली १५ मिनिटेही आधार जोडलेल्या खात्यांसाठी राखून ठेवली गेली. गणपतीची तारीख पाहून साठ दिवस मागे मोजा, तो दिवस दिनदर्शिकेवर लिहा, घरातल्या प्रत्येकाचे खाते आधारशी जोडून ठेवा. एवढी तयारी कुठल्याही महागड्या कार्डापेक्षा जास्त कामाला येते.

आणखी एक सवलत कार्डांच्या चर्चेत कुणीच धरत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. प्रवासावर ५० टक्के सूट देणारे क्रेडिट कार्ड माझ्या पाहण्यात नाही. आई, पत्नी, बहीण एसटीने गावी जात असतील, तर घरातली सर्वात मोठी बचत तिथेच होते आहे.

मग महागडे कार्ड कोणाच्या उपयोगाचे? ज्यांचा वर्षाचा कार्डावरचा खर्च मोठा आहे आणि जे खरोखर विमानाने जातात, त्यांच्या. मोपाचे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाले आणि बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या लोकांना विमान जवळ आले. चिपीचे विमानतळ तर मालवणहून कर्ली खाडीच्या पलीकडेच आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला तिथे मुंबईचे पहिले विमान उतरले तेव्हा तिकीट अडीच हजारांच्या आसपास होते. उडान योजनेची तीन वर्षे सरली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात अलायन्स एअरची ती सेवा थांबली. फ्लाय९१ सारख्या छोट्या कंपनीनेही चिपी इतर शहरांना जोडले. यातून कार्डधारकाने ध्यानात घ्यायचे ते असे, की माइल्सच्या भागीदार यादीत मोठ्या कंपन्या असतात आणि आपल्या किनाऱ्यावर येणारे विमान बऱ्याचदा त्या यादीबाहेरचे असते. म्हणून रुपयात ठरलेली किंमत देणारे पॉइंट आपल्याला अधिक उपयोगी.

त्या किमतीतही मोठी तफावत असते, आणि बहुतेकांचे नुकसान होते ते इथेच. एचडीएफसी बँकेच्या इन्फिनिया कार्डाचे उदाहरण घ्या. १५० रुपयांच्या खर्चाला ५ पॉइंट, म्हणजे तीन लाखांच्या खर्चावर १०,००० पॉइंट. बँकेच्या पोर्टलवरून विमान किंवा हॉटेलसाठी वापरले तर पॉइंटला एक रुपया, म्हणजे दहा हजार रुपये. तेच पॉइंट बिलातून वळते करून घेतले तर ३० पैसे, म्हणजे तीन हजार. मिक्सर, घड्याळ किंवा बिलातली सूट यांत पॉइंट घालवणारा माणूस स्वतःच्या कमाईचा मोठा भाग सोडून देतो. पॉइंट प्रवासावरच खर्च करा. आणि पोर्टलवरचा तिकिटाचा दर विमान कंपनीच्या दराशी ताडून पाहा. तो वाढीव असेल तर तेवढी पॉइंटची किंमत घटली असे समजा.

चाकरमान्याच्या घरात या पॉइंटचा सर्वात चांगला उपयोग मला दिसतो तो म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी. गुडघे दुखणाऱ्या आईला रात्रभर बर्थवर चढ-उतार करायला लावण्याऐवजी मोप्यापर्यंत विमानाने आणायचे आणि पुढे गाडीने घरी. गणपतीच्या आठवड्यात तिकीट चढ्या दराने घ्यावे लागते, तेव्हा साठवलेले पॉइंट खऱ्या अर्थाने कामी येतात.

पण साठवायचे म्हणजे वर्षानुवर्षे नाही. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर पूर्वी ५ पॉइंटचे ४ माइल्स होत; १ सप्टेंबर २०२३ पासून ५ चे २ झाले. जमवलेल्या पॉइंटची माइल्समधली किंमत एका तारखेला निम्मी झाली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाची कार्डे बाळगणाऱ्यांना सगळे गणित नव्याने मांडावे लागले. मुदत ठेवीवर व्याज वाढत जाते, पॉइंटची किंमत मात्र बँक ठरवेल तेव्हा कमी होते. वर्षाचे पॉइंट वर्षात संपवावेत, हा माझा ठाम सल्ला आहे.

आखातात मुलगा असलेल्या किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरासाठी आणखी एक हिशेब आहे. साध्या कार्डावर परदेशी चलनातल्या खर्चाला बहुधा साडेतीन टक्के अधिभार लागतो. जीएसटीसह लाखाला ४,१३० रुपये. वरच्या दर्जाच्या कार्डांवर तो साधारण दोन टक्के, म्हणजे लाखाला २,३६०. दुबईत दुकानदार 'रुपयात घेऊ की दिरहममध्ये' असे विचारतो तेव्हा दिरहमच सांगावे. रुपयातला दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि तो महाग पडतो.

आता मालवणात पोहोचल्यावर. देवबाग-तारकर्लीतला मुक्काम, बाजारातल्या खानावळीतली सुरमईची थाळी, किल्ल्यावर नेणारी होडी, यांतल्या बहुतेक ठिकाणी कार्डाचे मशीन नसते. रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली, पण ते व्यापारी क्यूआरवरच चालते. घरगुती खानावळीच्या भिंतीवरचा क्यूआर बहुधा मालकाच्या बचत खात्याचा असतो. एमटीडीसीच्या तारकर्लीच्या निवासाचे आरक्षण ऑनलाइन होते, तिथे कार्ड जरूर वापरा. बाकीच्या ठिकाणी पॉइंट मिळवण्याचा आग्रह सोडा.

यात तोटा नाही. पोर्टलवरून आरक्षण केले की मधल्या कंपनीचे कमिशन मालकाच्या उत्पन्नातून जाते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण त्या पर्यटनाचा भार उचलला तो मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या, पहाटे मासळी आणून दुपारी ताट वाढणाऱ्या घरांनी. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्या की ही कमाई आटते. फोन करून थेट खोली ठरवा. दर बऱ्याचदा कमीच लागतो, आणि पूर्ण रक्कम त्या घरात राहते. आपल्या माणसांनी आपल्या किनाऱ्याला एवढे द्यायलाच हवे, असे मी मनापासून मानतो.

शेवटची अट सर्वात कडक. हे सगळे गणित बिल पूर्ण भरणाऱ्यासाठीच आहे. ५०,००० रुपये थकले आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागले, तर जीएसटीसह २,०६५ रुपये एका महिन्यात गेले. वर उदाहरणात धरलेल्या रेल्वे कार्डाची वर्षभराची कमाई त्यात बुडाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्के व्याजाची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केली, त्यामुळे तोही आधार उरलेला नाही. कार्डावर हप्ते चालू असतील, तर आधी ते फेडा. प्रवासाचे पॉइंट नंतर.

कागद समोर असेल तर आता दोन बेरजा करा. एकीकडे फी आणि जीएसटी, दुसरीकडे गेल्या वर्षी प्रत्यक्ष प्रवासावर वापरलेल्या पॉइंटची रुपयांतली किंमत. न वापरलेले लाउंज, न गेलेले हॉटेल यांचे मूल्य शून्य धरा. दुसरी बेरीज मोठी असेल तर कार्ड ठेवा. लहान असेल तर उरलेले पॉइंट वापरा, थकबाकी शून्य करा आणि बंद करण्याचा अर्ज लेखी द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद केले पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. वाचलेल्या १४,७५० रुपयांत चौघांचे थ्री एसीचे जाणे-येणे आणि मालवणातले दोन-तीन दिवसांचे जेवण सहज निघते.