गंगामातेच्या कुशीतील कोलाहल

गंगेच्या शुद्धीचा विषय निघाला की सांडपाण्याचे नाले, कारखान्यांची रसायने आणि घाटांवरचा कचरा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘नमामि गंगे’ अभियानाने ‘अविरल’ आणि ‘निर्मल’ हे दोन शब्द घरोघरी पोहोचवले. परंतु या नदीत असाही एक जीव राहतो, ज्याच्यासाठी पाणी कसे दिसते यापेक्षा ते कसे ऐकू येते, याला अधिक महत्त्व आहे. हा जीव म्हणजे गंगेतील डॉल्फिन. गंगाकाठचे लोक त्याला ‘सोंस’ म्हणतात.

सोंसचे आणि या देशाचे नाते पुरातन आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांची हत्या निषिद्ध ठरवली आहे, त्यांत ‘गंगापुपुटक’ हे नाव येते. तो हाच प्राणी असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. २००९ मध्ये शासनाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी गणनेच्या अहवालानुसार भारतातील नद्यांमध्ये ६,३२७ डॉल्फिन आहेत. त्यांतील तीन बियास नदीत असून ते सिंधू खोऱ्यातील डॉल्फिन आहेत. उर्वरित सर्व गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत आहेत. एखाद्या मध्यम आकाराच्या खेड्याची असावी, एवढीच ही लोकसंख्या! त्यातच मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एकाच पिल्लाला जन्म देते.

सोंस जवळजवळ आंधळा असतो. त्याच्या डोळ्यांत भिंगच नाही. गाळाने गढूळलेल्या पाण्यात युगानुयुगे राहताना त्याने दृष्टीचे काम कानांवर सोपवले. तो अतिशय सूक्ष्म, टिचकीसारखे ध्वनी सोडतो आणि मासा, खडक वा काठ यांवर आदळून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून जगाचे चित्र उभे करतो. या ध्वनींची वारंवारिता ६० किलोहर्ट्झच्या आसपास असते. मनुष्याचा कान २० किलोहर्ट्झपलीकडे ऐकू शकत नाही. म्हणूनच हे संभाषण आपल्या शेजारी अखंड चालू असूनही आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

आता या पाण्यात इंजिनाच्या जहाजाची कल्पना करावी. पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि दूरवर जातो. जहाजाचा पंखा जोरात फिरला की असंख्य बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि मोठा गोंगाट उठतो. त्या गोंगाटात सोंसचा क्षीण प्रतिध्वनी बुडून जातो. दाट धुक्यात वाहन चालवणाऱ्याची जी अवस्था होते, तीच त्याची होते. शिकार हुकते, पिल्लाशी संपर्क तुटतो, धोक्याची चाहूल लागत नाही.

हा कल्पनाविलास नव्हे. मयूख डे, जगदीश कृष्णस्वामी, नचिकेत केळकर आदी संशोधकांनी बिहारमधील गंगेत केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आवाज वाढला की डॉल्फिनच्या ध्वनी काढण्याच्या पद्धतीत बदल होतो, आणि कोरड्या ऋतूत पाणी उथळ झाले असता हा ताण अधिकच वाढतो, असे त्यात दिसून आले. म्हणजे गंगेचा प्रवाह आणि गंगेतील शांतता हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पाणी आटले की पळून जायलाही जागा उरत नाही.

याचा अर्थ जलवाहतूक नकोच, असा आहे काय? मुळीच नाही. हल्दिया ते प्रयागराज हा १,६२० किलोमीटरचा मार्ग १९८६ मध्येच राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून घोषित झाला. २०१८ मध्ये वाराणसीचे बहुउद्देशीय टर्मिनल सुरू झाले. जलवाहतुकीने इंधन वाचते, रस्त्यांवरचा भार हलका होतो. राष्ट्राला तिची गरज आहे. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या मर्यादेत करावी?

चीनमधील यांगत्से नदीतील ‘बायजी’ डॉल्फिनची कथा येथे आठवावी. मासेमारीची जाळी, धरणे, प्रदूषण आणि जहाजांची प्रचंड वर्दळ यांच्या माऱ्यात तो संपला. २००६ मध्ये सहा आठवडे नदी धुंडाळूनही एकही बायजी सापडला नाही. ज्या नदीने चीनची भरभराट केली, तिचेच हे अपत्य होते. समृद्धी आल्यावर ते परत आणता आले नाही.

सुदैवाने ध्वनिप्रदूषणाचे एक वैशिष्ट्य आपल्या बाजूचे आहे. विषारी रसायन वर्षानुवर्षे गाळात राहते. आवाज मात्र थांबवला की त्याच क्षणी नाहीसा होतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात काही दिवस जहाजे रोडावली. पाण्यातील आवाज सहा डेसिबलने उतरला आणि तेथील राइट जातीच्या देवमाशांमधील ताणाशी निगडित संप्रेरकांचे प्रमाणही घटले. उपचार इतका सोपा असलेला दुसरा रोग क्वचितच असेल.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने झाल्या पाहिजेत. बिहारमधील सुलतानगंज ते कहलगाव हा पट्टा १९९१ पासून विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे. तेथे जहाजांच्या वेगमर्यादेचे केवळ कागदावर नव्हे, तर प्रत्यक्ष पाण्यावर पालन व्हावे. वेग कमी केला की पंख्याचा गोंगाट आपोआप घटतो. उन्हाळ्यात, पाणी उथळ असताना फेऱ्या आणि गाळ उपसण्याची कामे मर्यादित ठेवावीत. नवी जहाजे बांधताना कमी आवाजाचे पंखे बंधनकारक करावेत. आणि पाण्यातील आवाजाची नोंद, आज पाण्याच्या शुद्धतेची होते तशी, नियमित प्रसिद्ध व्हावी. यासाठी अब्जावधींचा निधी नको, शिस्त हवी.

पुराणांनी गंगेला मकरवाहिनी म्हटले. वाहनाचा सांभाळ केल्याशिवाय देवतेची पूजा पूर्ण होते, असे आपली परंपरा मानत नाही. काशीच्या घाटावर आरतीसाठी हात जोडताना, त्याच पाण्यात केवळ कानांच्या आधारे वाट शोधणाऱ्या या मूक नागरिकाचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे. गंगा अविरल व्हावी, निर्मल व्हावी आणि त्याच्यासाठी शांतही राहावी. या संकल्पातला तिसरा शब्द अजून उच्चारायचा राहिला आहे.